दातांच्या किडीवर नाकातून लस: न आलेल्या उत्पादनाचे परीक्षण

दंतक्षयावरील नाकातून देण्याची लस अद्याप विक्रीस आलेली नाही, त्यामुळे हे परीक्षण प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले आहे त्यापुरतेच आहे.

मूळ कल्पना पटण्याजोगी आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून प्रथम वेगळा केला गेला. तो साखरेपासून ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ बनवून दातावर ठाण मांडतो आणि त्याच साखरेचे आम्ल करून दाताचे कवच झिजवतो. दंडात टोचलेल्या लसीची प्रतिपिंडे मुख्यतः रक्तात राहतात. नाकाच्या अस्तराला लस मिळाली, तर लाळेतही आयजीए, म्हणजे ओल्या अस्तरांवर पाझरणारी, प्रतिपिंडे उतरतात. तेव्हा नाकाची वाट केवळ सुईच्या भीतीपोटी निवडलेली नाही.

वुहान विषाणुशास्त्र संस्थेतील संशोधकांनी या जिवाणूच्या दाताला चिकटणाऱ्या प्रथिनाला फ्लॅजेलिनची, म्हणजे जिवाणूंच्या शेपटीतील प्रथिनाची, जोड दिली. फ्लॅजेलिन प्रतिकारशक्तीला जागे करते खरे, पण शरीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडे बनवू लागते. म्हणून २०१७ च्या सुधारित लसीत त्याचा नको असलेला भाग वगळण्यात आला. उंदरांमध्ये तिने कीड ६४.२ टक्क्यांनी कमी केली, तर आधीच लागण झालेल्या उंदरांमध्ये ५३.९ टक्क्यांनी. आकडे चांगले आहेत. मात्र गोड आहारावर ठेवलेल्या उंदराला एका ठरावीक जिवाणूची लागण करणे वेगळे आणि माणसाचे तोंड वेगळे, कारण तिथे लॅक्टोबॅसिलससारखे आम्ल करणारे इतरही जिवाणू नांदतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात वापरलेल्या नाकावाटेच्या फ्लू लसीत परिणाम वाढवण्यासाठी ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचे विष मिसळलेले होते. ती घेतलेल्यांमध्ये चेहऱ्याच्या अर्धांगवायूचे प्रमाण वाढल्याचे आढळले आणि ती मागे घ्यावी लागली. फ्लॅजेलिन हा निराळा पदार्थ आहे, तरीही फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने बऱ्याच अंशी टळणाऱ्या आजारासाठी निरोगी बालकाला असा धोका, तो कितीही विरळ असला तरी, पत्करायला लावता येणार नाही.

वयाचा प्रश्नही आहेच. हा जिवाणू बहुतेक मुलांच्या तोंडात साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान वस्तीला येतो, त्यामुळे लस त्याआधीच द्यायला हवी. आणि त्या वयाचे मूल नाकात थेंब टाकू देईल, हे गृहीत धरणाऱ्याने बहुधा प्रयोग उंदरांवरच केले असावेत.