एच-इंडेक्स की आरसीआर? इम्युनॉलॉजीतल्या मधल्या फळीसाठी

प्रमोशनचा किंवा ग्रँटचा अर्ज भरताना ‘संशोधनाचा प्रभाव’ या रकान्यापाशी हात थांबतो. तिथे एच-इंडेक्स द्यावा की आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो)? दोन्ही आकडे आपल्या पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, म्हणजे सायटेशन किती, यावरून निघतात. ते मी काही वर्षं वापरले आहेत, म्हणून लिहितो.

प्रत्येकी किमान १७ सायटेशन मिळालेले १७ पेपर असतील, तर एच-इंडेक्स १७. समित्यांत तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही, हे त्याचं मोठं बळ. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो मांडला आणि आज प्रत्येक समितीला तो पाठ आहे. फक्त कुठून काढला आणि कोणत्या तारखेला, हे सोबत लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे पेपर) धरतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा येतो.

माझं मन त्याच्यावरून उडालं ते २०२० नंतर. आमच्या लॅबनं टीबीचं काम बाजूला ठेवून कोविडच्या अँटिबॉडी तपासण्या हाती घेतल्या. मी एलायझाच्या (अँटिबॉडी मोजणारी चाचणी) प्लेट्स लावल्या आणि दोन पेपरांत मधल्या नावांमध्ये माझं नाव आलं. काम प्रामाणिक होतं, गरजेचंही होतं. पण वर्षभरात माझा एच १७ वरून १९ वर गेला तो केवळ या दोन पेपरांमुळे. टीबीच्या बीसीजी लशीनंतर फुप्फुसात टिकून राहणाऱ्या टी पेशींवरचा (प्रतिकारशक्तीच्या पेशी) माझा २०१७चा पेपर मात्र १७ सायटेशनवर होता. त्याच्यासाठी मी पाच वर्षं उंदरांच्या पिढ्या वाढवल्या होत्या, आणि एचच्या हिशेबात तो जमेलाच नव्हता. माझं खरं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी तोच पेपर पुढे करीन. अर्जातला आकडा नेमका त्याच्याबद्दल गप्प होता, आणि हे मला फार लागलं.

भरपूर सायटेशन मिळालेल्या पेपराचंही तेच होतं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींची ओळख पटवणारा जपानी शास्त्रज्ञ साकागुचींचा १९९५चा पेपर घ्या. त्या कामाला २०२५चं नोबेल मिळालं, पण एचमध्ये त्याची भर एकाचीच.

आरसीआर प्रत्येक पेपर वेगळा मोजतो. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या गटानं २०१६ साली तो मांडला आणि त्यांच्या आयसाइट या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. तुमच्या पेपरासोबत इतरांनी ज्यांचा संदर्भ दिला, ते पेपर म्हणजे तुमचं क्षेत्र. त्या क्षेत्रातल्या एनआयएचच्या पैशावर झालेल्या, क्रमवारीत मधोमध येणाऱ्या पेपराइतकी सायटेशन दरवर्षी मिळत असतील, तर आकडा १. माझा बीसीजीचा पेपर १च्या जरा वर निघाला. कोविडचे दोन्ही त्याच्या बरेच वर होते, ते मी लपवत नाही. पण यादीत प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र दिसतो आणि त्याशेजारी लेखकांत माझं नाव कितवं तेही दिसतं. वाचणाऱ्याला आणखी काय हवं?

आणखी एक सोय मला आवडते. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतले क्रमांक आपणच देता येतात, त्यामुळे आपल्याच आडनावाच्या आणि आद्याक्षराच्या दुसऱ्या कुणाचे पेपर आपल्या खात्यात शिरत नाहीत. शिवाय फक्त मूळ संशोधनाचे पेपर निवडता येतात. आमच्या विषयात रिव्ह्यूंना (इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) इतकी सायटेशन मिळतात की ही चाळणी हवीच.

उणिवा आहेत. पबमेडमध्ये नसलेला पेपर तिथे नाहीच. पशुवैद्यकीय लसींवर काम करणाऱ्या, स्थानिक नियतकालिकांत लिहिणाऱ्या मित्रांवर यानं अन्याय होतो, आणि त्यांना मी आरसीआरचा आग्रह धरणार नाही. अगदी नव्या पेपरांचा आकडाही अजून पक्का झालेला नसतो. आणि बऱ्याच फॉर्मांत त्याच्यासाठी रकानाच नसतो.

म्हणून एचच्या रकान्यात मी एचच भरतो. निवडक पाच पेपरांच्या यादीत मात्र प्रत्येकाखाली त्याचा आरसीआर, पाहिल्याची तारीख आणि त्यात मी नेमकं काय केलं याची एक ओळ लिहितो. बीसीजीचा पेपर तिथे पहिला असतो.