आरएस की ३३०आय? सोलापुरात जुनी वेगवान सेडान घेताना

आधी आरसी हातात घ्या आणि इंजिनाच्या सीसीचा रकाना बघा. स्कोडा ऑक्टाविया आरएस असेल तर तिथे १९८४ हवेत. १७९८ दिसले तर ती साधी ऑक्टाविया १.८ टीएसआय आहे, मग जाळीवर बॅज कुठलाही असो. बीएमडब्ल्यू ३३०आयच्या आरसीवर १९९८ आणि पेट्रोल असतं. १९९५ आणि डिझेल असेल तर ती ३२०डी. गाडीभोवती पहिली चक्कर मारण्याआधी एवढं उरका, कारण लाल रंगाची गाडी उन्हात चमकताना बघितली की रकाने वाचायचं भान राहत नाही.

ओळखीतली मुलं मला बहुतेक याच दोन गाड्यांबद्दल विचारतात. आरएस २३० आपल्याकडे २०१७ साली २४.६२ लाखांना (एक्स-शोरूम) आली: २३० पीएस शक्ती, ३५० एनएम टॉर्क (खेचण्याचा जोर), पुढच्या चाकांना ताकद. २०२० ची आरएस २४५ थेट आयात केलेली, ३५.९९ लाखांची, आणि देशभरात फक्त २०० गाड्या. त्यामुळे ती मिळालीच तर विकणाराही सहजी खाली येत नाही. ३३०आय २०१९ पासूनची: २५८ एचपी, ४०० एनएम, मागच्या चाकांना ताकद. शून्य ते शंभर बीएमडब्ल्यू ५.८ सेकंदांत जाते, आरएस २३० ६.८ सेकंदांत.

तो एक सेकंद पुणे हायवेवर मोहोळच्या पुढे ओव्हरटेक करताना जाणवतो, नाही असं नाही. पण गाडी रोज वापरायची असेल तर मी आरएसकडेच झुकतो. डिकी ५९० लिटरची आणि मागचं दार काचेसकट उघडतं. आई-वडिलांना घेऊन पंढरपूर किंवा तुळजापूरला निघालात तर मागे पाय मोकळे राहतात. ३३०आय रनफ्लॅट टायरवर चालते. पंक्चर झाल्यावरही काही अंतर जाता येतं हे खरं, पण या टायरची बाजू कडक असते आणि खड्ड्याचा दणका थेट रिमपर्यंत पोचतो. म्हणून ३३०आय बघताना चारही चाकं फिरवून रिम आतल्या बाजूनेही तपासा. टायरला फुगवटा आला असेल तर तो टायर गेला म्हणून किमतीतून वजा करा. टायरवरचा चार अंकी कोड कुठल्याही गाडीवर वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटर पंचवीस हजार किलोमीटर दाखवतोय आणि चार टायर चार वेगळ्या वर्षांचे आहेत, तर मालकाला कारण विचारा.

आता इंजिन, आणि इथे घाई नको. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद कान देऊन ऐका, आतली साखळी खडखडते का ते. दोन्ही गाड्यांच्या इंजिनात ही साखळी, म्हणजे टायमिंग चेन, आहे, आणि बीएमडब्ल्यूत ती गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने तिचं काम निघालं तर खर्च मोठा. आरएसच्या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर पाझरतं, हे या गाडीवाल्यांना चांगलं माहीत आहे. कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) डब्यातली पातळी बघा, टॉर्च मारून गुलाबी पापुद्रा कुठे जमलाय का बघा. मालकाने ते घर बदलून घेतलं असेल आणि बिल असेल तर ती गाडीची जमेची बाजू. ३३०आयमध्ये ऑइल फिल्टरच्या बैठकीजवळचा ओलावा शोधा आणि स्क्रीनवर इंजिन ऑइलची पातळी मोजून घ्या.

मग एसी चालू ठेवून सात रस्त्याच्या गर्दीत वीस मिनिटं काढा. हे दुपारी करा, शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. टर्बो गाडीचं कूलिंग खरं कसं आहे ते त्या उन्हात कळतं, शोरूमच्या सावलीत नाही. आरएस २३० चा सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, त्याचं तेल साठ हजार किलोमीटरला बदललंच पाहिजे. बिल नसेल तर बदललेलं नाही असं धरा. रांगत चालताना थरथर किंवा उभ्या गाडीत खडखड ऐकू आली तर मी तरी पुढे बोलणार नाही. ३३०आयचा झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मला दोन्हींत जास्त भरवशाचा वाटतो. ‘याचं तेल आयुष्यभर बदलायचं नसतं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते.

रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली, गाडी हा वेगळा विषय. मॅप मूळचा परत घातला तरी खुणा राहतात: बदललेला एअर फिल्टर, कापलेला सायलेन्सर, काढलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग). मालक मोकळेपणाने सांगतो आणि कागद दाखवतो, तर माझी हरकत नाही. लपवतो, तर गाडी सोडा.

हैदराबादची गाडी स्वस्त दिसते म्हणून इथले बरेच जण तिकडे बघतात. एका विक्रेत्याकडे मी अशीच एक चकचकीत गाडी जवळजवळ घेतली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि तळाशी मातीची रेघ निघाली. पाण्यात बुडालेली गाडी होती. तेव्हापासून मी सीटखालच्या सरकपट्ट्या, डिकीचा गालिचा आणि बेल्ट आधी बघतो. ३३०आयची बॅटरी डिकीतच असते, त्यामुळे तिथे पाणी शिरलं की त्रास लांबतो. शिवाय तेलंगणाच्या टीएस किंवा टीजी पासिंगची गाडी इथे सोलापूरच्या एमएच १३ वर आणायची तर एनओसी लागते आणि वयाप्रमाणे वजावट होऊन महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे मूळ दर १३ टक्के आहे. तेवढा हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी विरते. पुणे पासिंगची गाडी मला म्हणूनच बरी वाटते. मोठं काम निघालं तर अडीचशे किलोमीटरवर पुणंच गाठायचं असतं, तिथली सर्व्हिसची नोंदही तपासता येते.

बजेट गाडीच्या किमतीवरच संपत असेल तर ३३०आय घेऊ नका. गाडी घेतल्यावर किमतीचा निदान पाचवा भाग हाताशी राहत असेल तरच तिचा विचार करा. आरएसलाही पैसे लागतात, पण तिची कामं ओळखीची आहेत आणि चांगला मिस्त्री ती समजून घेतो.

पैसे देताना कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि ई-चलन शून्य असल्याची खात्री. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा हप्ता वाढून येईल हे आधीच धरा.