महापुरानंतर मुलीसाठी घेतलेली प्ले थेरपी : नऊ महिन्यांचा अनुभव

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांच्याही वर गेले, तेव्हा आम्ही तीन रात्री वरच्या मजल्यावर अडकलो होतो. होडीतून आलेली खिचडीची पाकिटे दोर बांधलेल्या बादलीतून वर ओढून घ्यावी लागत आणि कधी कधी बादली रिकामीच वर येई. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. "लहान आहे, विसरून जाईल," असे सगळे म्हणाले आणि मीही ते मानले, याचे मला आजही वाईट वाटते. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा आम्ही वेळेत नातेवाइकांकडे गेलो होतो. पण तिथल्या कोरड्या घरातही ती अंथरूण ओले करू लागली आणि ताटातली अर्धी चपाती उशीखाली लपवू लागली.

पहिल्या समुपदेशकांनी तिला समोर बसवून "पुरात काय झाले ते सांग" असे विचारले. ती एक शब्दही बोलली नाही आणि त्या रात्री झोपलीही नाही. जानेवारी 2022 पासून आम्ही विश्रामबागेतील दुसऱ्या थेरपिस्टकडे दर शनिवारी पाऊण तासासाठी जाऊ लागलो. तिथे वाळूचा ट्रे, बाहुलीघर, प्राणी, डॉक्टरचा संच आणि क्ले दर आठवड्याला त्याच जागी मांडलेले असत. काय खेळायचे ते मुलीनेच ठरवायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी 1940 च्या दशकात मांडलेली प्ले थेरपीची, म्हणजे खेळातून उपचार करण्याची, ही पद्धत आहे : मुलाला घाई करायची नाही, त्याच्या मागून जायचे आणि गरजेपुरत्याच मर्यादा घालायच्या. सासूबाईंना सुरुवातीला "खेळायला पैसे कशाला द्यायचे?" असे वाटे, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पहिले दोन महिने मलाही काही बदललेले दिसत नव्हते.

तिसऱ्या महिन्यात थेरपिस्टनी मला घरी आठवड्यातून एकदा अर्धा तास असेच खेळायला शिकवले, आणि तेव्हा मी तिचा खेळ प्रथम जवळून पाहिला. बाहुली कपाटाच्या वरच्या फळीवर, खाली न्हाणीघरातला प्लास्टिकचा मग, आणि मगाला बांधलेला दोरा. मग रिकामा वर जाई, बाहुली "आज पण नाही आलं" म्हणे, आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून. त्या मगात काहीतरी टाकावे म्हणून माझे हात शिवशिवत, पण तसे करायचे नाही, अशी ताकीद होती. "मग परत रिकामाच आला, तिला भूक लागली आहे," एवढेच मी म्हणायचे.

या पुनरावृत्तीची मला भीती वाटू लागली आणि ती अगदी निराधार नव्हती. 1976 मध्ये अमेरिकेत शाळेच्या बसमधून 26 मुलांचे अपहरण झाले होते. त्या मुलांचा अभ्यास करताना बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांना आढळले, की आघातानंतरचा खेळ कधी कधी तसाच अडकून राहतो आणि त्याने मन हलके होत नाही. म्हणूनच आमच्या थेरपिस्ट खेळात तसूभर तरी फरक पडतो का, याची दर शनिवारी नोंद ठेवत.

मेच्या अखेरीस मी कणीक मळत असताना तिने एक छोटा गोळा मागितला, नाण्याएवढी भाकरी थापली आणि ती मगात ठेवून वर ओढली. बाहुलीने अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी तिने मगातून परत खाली सोडली. मी विचारले नव्हते, तरी ती म्हणाली, "होडीवाल्या काकांनी पण खाल्लं नव्हतं ना."

उणिवाही सांगायला हव्यात. 2022 मध्ये आठवड्याला लागणारे सहाशे रुपये आणि कित्येक महिन्यांचा धीर प्रत्येक घराला परवडेलच असे नाही. सत्रात काय झाले, त्याचे तपशील थेरपिस्ट पालकांना सांगत नाहीत. ते योग्य आहे, पण जड जाते. मोठ्या, बोलत्या मुलांसाठी आघातावर केंद्रित वर्तनोपचारही (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे यांवर बोलून काम करणारे उपचार) उपयोगी ठरतात, तेव्हा दोन्हींबद्दल विचारावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. ती आधी पाहून घ्यावी.

2022 च्या पावसाळ्यात ती दोनदा रात्री उठून पुलाजवळ पाणी किती आहे, ते विचारून गेली. अंथरूण मात्र कोरडे होते. ऑगस्टपासून उशीखाली काही सापडले नाही. नऊ महिन्यांच्या अखेरीस सत्र पंधरा दिवसांतून एकदा होत होते आणि दिवाळीनंतर ते थांबवायचे की नाही, हे तिलाही विचारून ठरणार होते.