हौशी वाद्यवृंदासाठी नोटेशनची निवड : आयएमएसएलपी या संग्रहाचे परीक्षण

शाळांचे आणि हौशी मंडळांचे वाद्यवृंद वर्षातून एखाद-दुसराच जाहीर कार्यक्रम करतात, आणि तो कसा होणार हे पहिल्या तालमीआधीच, कोणती रचना घ्यायची हे ठरते तेव्हाच, बरेचसे निश्चित झालेले असते. पुण्यातील अशा एका हौशी पाश्चात्त्य वाद्यवृंदात नोटेशन म्हणजे छापील स्वरलिपी मिळवणे, तपासणे, छापून घेणे आणि वादकांना वाटणे हे काम माझ्याकडे आहे. त्यासाठी आयएमएसएलपी अर्थात पेत्रुच्ची म्युझिक लायब्ररी हा इंटरनेटवरील संग्रह मी सर्वांत अधिक वापरते. शाळेतील संगीतशिक्षकांना आणि लहान मंडळांच्या संचालकांना तो कितपत उपयोगी आहे, याच एका दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

एडवर्ड ग्वो यांनी संगीताचे शिक्षण घेत असतानाच १६ फेब्रुवारी २००६ रोजी हा संग्रह सुरू केला. १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये बहुस्वरी संगीताचा पहिला छापील संग्रह काढणारे मुद्रक ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची यांचे नाव त्याला दिलेले आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो बंद पडला आणि जून २००८ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. आज तेथे स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेल्या रचनांच्या जुन्या छापील आवृत्त्या विनामूल्य मिळतात. वर्गणी न भरणाऱ्याला प्रत्येक फाइल उघडण्याआधी काही सेकंद थांबावे लागते. वाद्यागणिक वेगळी फाइल असल्यामुळे संपूर्ण संच उतरवायला वेळ लागतो, पण तेवढा वेळ द्यायला माझी काही हरकत नाही.

या संग्रहाचे खरे मोल त्याच्या फुकट असण्यात नाही. रचना निवडण्याआधी तिचा प्रत्येक पार्ट, म्हणजे एकेका वाद्याने वाजवायची स्वरलिपी, डोळ्यांखालून घालता येतो, ही सोय मला अधिक मोलाची वाटते. छापील संच विकणाऱ्या दुकानांत फार तर स्कोरची, म्हणजे सर्व वाद्यांच्या एकत्रित स्वरलिपीची, काही पाने चाळायला मिळतात. दुसऱ्या व्हायोलिनचा किंवा व्हायोलाचा पार्ट पैसे भरून संच हाती आल्यावरच दिसतो. आणि हौशी वाद्यवृंदाची कसोटी तर तेथेच लागते. ध्वनिमुद्रण ऐकून किंवा स्कोर वाचून केलेली निवड ही रचनेची निवड असते. आपल्या वादकांना ती झेपेल का, हे पार्ट उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, पहिल्या व्हायोलिनकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी व्हायोला, दुसरे व्हायोलिन, दुसरा हॉर्न आणि बासून यांचे पार्ट काढावेत, आणि ते वाजवणारी जी माणसे आपल्याकडे आहेत, त्यांना नजरेसमोर ठेवून ते वाचावेत.

नॉर्वेजियन रचनाकार ग्रीगच्या ‘पीअर गिंट’च्या पहिल्या सूटचे, म्हणजे चार छोट्या भागांच्या मालिकेचे, उदाहरण घेते, कारण जगभरातल्या शाळांच्या कार्यक्रमांत ती हमखास असते. संग्रहातील प्रत्येक रचनेच्या पानावर खालच्या भागात वाद्यांची यादी दिलेली असते. ती पाहिली तर चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही नावे वाचूनच लहान मंडळाचा संचालक पान बंद करील. पण पार्ट उघडले की वेगळेच चित्र दिसते. चारपैकी ‘ओसेचा मृत्यू’ हा भाग केवळ तंतुवाद्यांचा आहे, आणि ‘अनित्राचे नृत्य’ या भागात तंतुवाद्यांच्या जोडीला फक्त एक ट्रायँगल आहे. म्हणजे ज्या शाळेत फुंकवाद्ये जवळजवळ नाहीतच, तिलाही या सूटमधील अर्धा भाग मुळाबरहुकूम, एकही स्वर न बदलता सादर करता येतो. ‘ओसेचा मृत्यू’ संथ आहे, त्यात बोटांची घाई नाही. मात्र सर्व वाद्यांना आवाज दबवणारा म्यूट लावलेला असल्यामुळे आणि स्वर दीर्घ असल्यामुळे बेसूरपणा कोठेही लपत नाही. विद्यार्थ्यांचे कान तयार करण्यासाठी इतकी चांगली रचना मला दुसरी माहीत नाही.

याच सूटमधील ‘प्रभात’ हा भाग सर्वांना आवडतो आणि हौशी मंडळांना सर्वांत जड जातो. त्याची धून फ्लूट आणि ओबो यांच्यात आलटून-पालटून फिरते, आणि ओबो वाजवणारे हौशी वादक आपल्याकडे फार थोडे आहेत. शाळांसाठी तयार केलेल्या आधुनिक आवृत्त्यांत अशी धून दुसऱ्या एखाद्या वाद्याच्या पार्टमध्ये बारीक अक्षरांत छापलेली असते, म्हणजे ओबो नसला तर ते वाद्य ती उचलते. जुन्या आवृत्तीत ही व्यवस्था नाही. दुसरी अडचण क्लॅरिनेटची. क्लॅरिनेटमध्ये लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष वाजणारा स्वर वेगळे असतात, म्हणून प्रत्येक पट्टीच्या क्लॅरिनेटसाठी पार्ट वेगळा लिहावा लागतो. मूळ पार्ट ए क्लॅरिनेटसाठी आहे. हा भाग ई मेजरमध्ये असल्यामुळे त्या वादकापुढे केवळ एका शार्पचा (चढ्या स्वराच्या खुणेचा) जी मेजर येतो. आपल्याकडील विद्यार्थ्यांकडे बहुधा बी-फ्लॅट क्लॅरिनेट असते, आणि त्या वाद्यासाठी तेच स्वर लिहून काढले की सहा शार्पचा एफ-शार्प मेजर तयार होतो. दोन-तीन वर्षे शिकलेल्या मुलाला तो वाजवायला लावणे योग्य नव्हे. स्कोर वाचताना ही गोष्ट सहज नजरेतून सुटते, पण क्लॅरिनेटच्या पार्टवर वरच्या कोपऱ्यात ती पहिल्या ओळीतच लिहिलेली असते.

ऑस्ट्रियन रचनाकार शूबर्टची ‘अपूर्ण’ सिंफनी ही अशीच, सोपी वाटणारी पण कसून परीक्षा घेणारी रचना आहे. सुरुवातीला चेलो आणि डबल बास अगदी हलक्या आवाजात आठ मात्राखंडांची (बारची) ओळ वाजवतात, ती कोणालाही जमेल. पण लगेच नवव्या मात्राखंडापासून दोन्ही व्हायोलिनांना अतिशय मंद आवाजात, सारखेपणा राखून सोळांशाचे स्वर सतत वाजवत राहायचे असतात, आणि त्यावर ओबो व क्लॅरिनेट एकत्र धून धरतात. पुढे चेलोची ती सुप्रसिद्ध जी मेजरची धून येते, तेव्हा सर्वांचे लक्ष चेलोकडे असते. तिचा सारा तोल मात्र व्हायोला आणि क्लॅरिनेट यांच्या ठेक्याला चुकवून पडणाऱ्या स्वरांवर उभा आहे. ज्या मंडळात दोनच व्हायोलावादक आहेत आणि तेही मूळचे व्हायोलिनवाले आहेत, त्या मंडळाने व्हायोलाचा हा पार्ट आधी त्यांच्या हाती देऊन पाहावा. क्लॅरिनेटसारखीच अडचण हॉर्नची. पहिल्या भागातले हॉर्न डी मधले आहेत. एफ हॉर्न वाजवणाऱ्याला प्रत्येक स्वर एक मायनर थर्ड (तीन अर्धस्वर) खाली वाचावा लागतो. व्यावसायिक वादकाला त्याचे काहीच वाटत नाही, पण विद्यार्थ्यासाठी तो पार्ट नव्याने लिहून द्यावा लागतो.

येथे जुन्या आवृत्त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. शूबर्टच्या सिंफनींची ब्राइटकॉफ उंड हेर्टेलने काढलेली समग्र आवृत्ती १८८० च्या दशकातील आहे आणि तिचे संपादन ब्राम्सने केलेले आहे. नावे थोर आहेत, पण त्यानंतर शूबर्टच्या हस्तलिखितांचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. शूबर्टच्या हस्ताक्षरात आघाताची खूण आणि आवाज उतरत नेण्याची खूण यांत फरक करणे अवघड आहे, आणि पहिल्या भागाच्या शेवटच्या स्वरमेळावर नेमकी कोणती खूण आहे यावर जाणकारांत वाद आहे. हस्तलिखिते ताडून काढलेल्या नव्या चिकित्सक आवृत्त्या अशा जागी टीप देतात, जुनी आवृत्ती निर्णय देऊन मोकळी होते. त्याहून व्यवहारातला त्रास म्हणजे, संग्रहातील स्कोर एका प्रकाशकाचा आणि पार्ट दुसऱ्याचे असले तर तालमीत ठिकाण सांगण्यासाठी छापलेली अक्षरे जुळत नाहीत, आणि कंडक्टरने ‘डी पासून’ म्हटल्यावर निम्मे वादक भलत्याच ठिकाणी सुरू होतात. त्यामुळे दोन्ही फाइलींवरील प्रकाशकाचे नाव आणि छपाईचा क्रमांक जुळतो का, हे पाहूनच उतरवणे चांगले. जुन्या पार्टमध्ये मात्राखंडांचे क्रमांकही बहुधा नसतात. ते एका प्रतीवर हाताने घालावेत आणि मग तिच्या प्रती काढाव्यात. बोइंगच्या, म्हणजे गज कोणत्या दिशेने ओढायचा याच्या, खुणांचेही तसेच. प्रत्येक विभागप्रमुखाने एका मूळ प्रतीवर त्या लिहून दिल्या की दोन वादकांमागे एक याप्रमाणे तिच्या झेरॉक्स निघतात आणि सारा विभाग एका दिशेने गज ओढतो.

छपाईकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण वादकाला तिचा सर्वांत अधिक त्रास होतो. वाद्यवृंदाचे पार्ट साधारणपणे १० इंच रुंद आणि १३ इंच उंच अशा कागदावर छापण्याची पद्धत आहे. तेच पान ए-फोर कागदावर बसवले की ते सुमारे १७ टक्के लहान होते, आणि एका स्टँडवर दोघांनी वाचायचे असल्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या वादकांना मंद प्रकाशात ओळी दिसेनाशा होतात. आम्ही पाने ए-थ्री कागदावर मूळ आकारात छापतो, कडा कापून घेतो आणि पाने चिकटपट्टीने घडीसारखी जोडतो. कागद ८० जीएसएमचा नको, १०० चा हवा, नाहीतर स्टँडवरच्या दिव्यात मागचे स्वर पुढे दिसतात. पान उलटण्याची जागा हीसुद्धा छपाईच्या आधीच तपासायची बाब आहे. तंतुवाद्यांत आतल्या बाजूचा वादक पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. फुंकवाद्यांत मात्र एका पार्टवर एकच वादक असतो, त्याला त्या जागी विराम मिळायलाच हवा.

स्वामित्वहक्काच्या बाबतीत भारतातील वाचकाने या संग्रहावरील खुणांवर विसंबून राहू नये. तेथील खुणा प्रामुख्याने कॅनडा, अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या कायद्यांप्रमाणे दिलेल्या आहेत. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. ही मुदत आधी ५० वर्षांची होती, आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचे हक्क संपत आले तेव्हा ती वाढवण्यात आली. सिबेलियसचे निधन १९५७ चे, म्हणून त्याच्या रचना भारतात २०१८ पासून मुक्त आहेत, पण युरोपात २०२७ अखेरपर्यंत नाहीत. उलट स्ट्राविन्स्कीचे निधन १९७१ चे. कॅनडात त्याचे संगीत मुक्त आहे, भारतात ते २०३१ अखेरपर्यंत हक्काधीन आहे. पान उघडते म्हणून छापायला हरकत नाही, असे धरून चालणे शाळेला शोभत नाही. कायद्याच्या ५२ व्या कलमात हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला आणि शाळेने विद्यार्थी, शिक्षक व पालकांपुरत्या केलेल्या कार्यक्रमाला सवलत आहे. तिकीट लावलेला कार्यक्रम तिच्यात बसत नाही, आणि हक्काधीन नोटेशनच्या प्रती काढणे हा सादरीकरणाहून वेगळा प्रश्न आहे.

या हिशेबात मराठी शाळांच्या दृष्टीने एक फार आनंदाची गोष्ट आहे. रशियन रचनाकार प्रोकोफिएव्हचे ‘पीटर अँड द वुल्फ’ ही निवेदनासह सांगितलेली, प्रत्येक पात्राला वेगळे वाद्य दिलेली संगीतकथा. ती १९३६ मध्ये मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी लिहिली गेली. त्याचे निधन १९५३ चे असल्यामुळे ती रचना भारतात २०१४ पासून मुक्त आहे. अमेरिकेत तिचे हक्क पुन्हा लागू झालेले आहेत, त्यामुळे तेथील मराठी मंडळांनी रीतसर परवानगीच घ्यायला हवी. येथे मात्र निवेदनाचा मजकूरही प्रोकोफिएव्हचाच असल्यामुळे त्याचा स्वतंत्र मराठी अनुवाद करून मुलांसमोर सादर करता येतो. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन प्रत्येकी एकच लागतात. तंतुवाद्यांचे पार्ट सोपे नाहीत, ते मोठ्यांच्या वाद्यवृंदानेच वाजवावेत. पण ज्या शाळेच्या सभागृहात मुले प्रथमच ओबोचे बदक आणि तीन हॉर्नचा लांडगा ऐकतील, तेथे ही मेहनत घ्यावी असे मला मनापासून वाटते.

शाळेच्या पातळीचे नोटेशन मात्र या संग्रहात शोधूनही फारसे सापडत नाही. अमेरिकी प्रकाशक शाळांसाठी एक ते सहा अशा काठिण्यपातळ्या लावून संच काढतात. त्यांत व्हायोला नसेल तर तोच पार्ट तिसऱ्या व्हायोलिनसाठी ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनवादकाला वाचता येईल अशा स्वरलिपीत, दिलेला असतो. त्या मांडण्या हक्काधीन आहेत, म्हणून येथे नाहीत, आणि येथे असलेल्या रचनांवर काठिण्याची कोणतीही खूण नाही. पहिल्या तीन-चार वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असे संच विकत घेणेच श्रेयस्कर. त्यापुढच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्लिश रचनाकार गुस्ताव होल्स्टचा ‘सेंट पॉल्स सूट’ मी आवर्जून सुचवीन. लंडनच्या हॅमरस्मिथमधील सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत तो १९०५ पासून शिकवत होता, आणि तेथील मुलींच्या वाद्यवृंदासाठीच त्याने ही रचना लिहिली. शेवटच्या भागात ‘डार्गेसन’ आणि ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ या दोन लोकधुना तो एकमेकींवर अशा बसवतो की आतल्या पार्टमधील मुलांनाही वाजवायला काही खरे मिळते. शिकवणाऱ्याने लिहिलेले संगीत व्हायोलाच्या पार्टवरून लगेच ओळखू येते.

आमच्या मंडळाचा पुढील कार्यक्रम याच पद्धतीने ठरला आहे. ग्रीगचे तंतुवाद्यांचे दोन भाग आम्ही या संग्रहातून घेऊन छापले. शूबर्टचे पार्टही येथेच वाचून, व्हायोलावादकांकडून वाजवून घेऊन निर्णय केला. पण खुणांचा घोळ आणि डी हॉर्नचे पुनर्लेखन लक्षात घेता त्याचा चिकित्सक आवृत्तीवर आधारलेला छापील संच परदेशातून मागवला आहे, आणि त्याचा टपालखर्च वर्गणीत धरला आहे.