कबड्डीचा सराव: मातीवर की मॅटवर?

वहिनी विचारत होत्या, 14 वर्षांच्या लेकीला गावच्या मातीवरच खेळू देऊ की तालुक्याला मॅटवर पाठवू?

आधी गुडघा, कारण खरी जोखीम तिथेच. मातीत पाऊल थोडं घसरतं, त्यामुळे झटक्यात वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येत नाही. मॅटवर बूट घट्ट पकडतो. पाऊल रोवलेलं, अंग मात्र वळलेलं, अशा वेळी गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटू शकतो. वयात येणाऱ्या मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. कातडीचं उलट: मातीत कोपर-ढोपर सोलपटतात, खडा लागतो, मॅटवर पडणं मऊ. माती स्वस्त, पण चाळणं आणि पाणी मारणं चुकत नाही. मोठ्या स्पर्धा मात्र आता मॅटवरच होतात.

हौसेनं खेळणाऱ्या मुलीला नीट राखलेली माती उत्तम. राज्य निवड गाठायची असेल तर मॅट हवीच, पण हळूहळू. उडीनंतर गुडघे वाकवून, ते आत न झुकवता उतरायला शिकवणारा प्रशिक्षक तिथे आहे का, ते आधी बघा. नसेल तर यंदा मातीच बरी.