मेडिकलची यादी लागण्याआधीच ‘तुमचं झालंय’ सांगणाऱ्यांपासून सावध राहा

पैसे घेऊन सीट मिळवून देतो म्हणणारे एजंट सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याहून घातक एक जात आहे. यादी लागायच्या आधी ‘तुमच्या मुलीचं नाव आलंय’ एवढी बातमी हे लोक विकतात. त्यांना करावं काहीच लागत नाही, म्हणून पकडणंही अवघड जातं. २०२४ साली माझ्या ताईच्या घरात हे घडलं. यंदा ज्यांच्या घरी ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागून मूल राउंडची, म्हणजे प्रवेशफेरीची, वाट बघतंय, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

ते वर्ष आठवून बघा. ५ मेला परीक्षा झाली, ४ जूनला निकाल लागला आणि ६७ जणांना पैकीच्या पैकी, ७२० गुण. मग ग्रेस मार्कांचा वाद, १५६३ मुलांची २३ जूनला फेरपरीक्षा आणि सुप्रीम कोर्टात सुनावणी. परीक्षा रद्द होणार नाही हे २३ जुलैला कळलं. भाचीला ६३०च्या आसपास गुण होते. आदल्या वर्षी एवढ्यावर सरकारी कॉलेज आरामात लागलं असतं, पण त्या वर्षी रँक कुठल्या कुठे घसरली होती. पेपरफुटीच्या बातम्या रोज येत होत्या, लातुरातही पोलिसांनी काही जणांना ताब्यात घेतलं होतं. मागचा दरवाजा खरंच असतो, असं त्या दिवसांत गावागावातल्या आईबापांना वाटू लागलं होतं. ठकांसाठी याहून चांगला हंगाम नाही.

दाजींना फोन आला तेव्हा समोरच्याकडे भाचीचे गुण, कॅटेगरी, क्लासचं नाव, सगळं होतं. स्वतःला तो काउन्सेलर म्हणवत होता. सुरुवातीला एक पैसाही मागितला नाही. कटऑफ समजावून सांगितले, दाजींशी अदबीनं बोलला. एके रात्री त्याचा मेसेज आला: “उद्या स्टेट मेरिट लिस्ट येतेय, ताईसाहेबांचा नंबर आत्ताच सांगून ठेवतो.” खाली आकडा. सकाळी यादीत अगदी तोच नंबर! दाजींचा विश्वास बसला तो तिथे.

हे गूढ मला फार उशिरा उकललं. तक्रारीसाठी चॅट चाळताना मेसेजची वेळ बघितली. यादीची पीडीएफ त्याच्या मेसेजआधीच सीईटी सेलच्या, म्हणजे राज्यातले प्रवेश करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर चढली होती. ती रात्री लागली होती, आमच्या घरी कुणी पाहिली नव्हती, एवढंच. ‘आतली खबर’ म्हणून त्यानं सगळ्यांसाठी खुली असलेली यादी वाचून दाखवली होती.

त्यानंतर टोकन म्हणून एक लाख रोख घेतले आणि ‘पुण्यात फिजिकल व्हेरिफिकेशन आहे’ म्हणून बारावीची मूळ मार्कशीट आणि टीसी नेली. प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, त्यानंच बसून भरून दिला, त्यात फक्त सरकारी कॉलेजं. “खासगी टाकूच नका, सरकारी पक्कं आहे.” पहिल्या फेरीच्या यादीच्या आदल्या संध्याकाळी सीट लागल्याचं पत्र आलं.

ते पत्र मी नंतर नीट पाहिलं. वर अशोकस्तंभ, भाचीचा फोटो, रोल नंबर, ऑल इंडिया रँक, सगळं बरोबर. फोटो आणि आकडे आमच्याच फॉर्मच्या प्रिंटवरून उचललेले होते. पण कोटा कुठला, प्रेफरन्स कितवा, याचा पत्ता नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की कुठलीही साइट उघडत नव्हती, नुसता ‘व्हेरिफाइड’ हा शब्द येत होता. आणि कॉलेज असं लिहिलेलं, जे भाचीच्या प्रेफरन्समध्ये नव्हतंच. फॉर्ममध्ये न टाकलेलं कॉलेज कुठल्याच राउंडला लागत नाही. एवढ्या एका गोष्टीवर ते पत्र खोटं ठरतं.

दुसऱ्या दिवशी यादीत नाव नव्हतं. ताईच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. त्याचं उत्तर तयार होतं: “आपलं नॉमिनेशनमधून आहे, ती नावं यादीत येत नसतात.” नॉमिनेशननं सीट देत नाही, हे देशपातळीवरचे मेडिकल प्रवेश करणाऱ्या दिल्लीच्या एमसीसीनं स्वतःच सांगून ठेवलंय. तिथं प्रवेश फक्त मेरिट आणि प्रेफरन्सवर होतो.

भाची मात्र खमकी निघाली. दुसऱ्या फेरीला तिनं कुणाला न विचारता स्वतः लॉगिन केलं आणि कटऑफ बघून खासगी कॉलेजंही टाकली. तिला एमबीबीएस लागलं, स्वतःच्या मार्कांवर, कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रियेतून. तासाभरात त्या माणसाचा फोन: “बघा दाजी, शब्द पाळला की नाही? आता उरलेले साडेतीन लाख पोचवा आणि कागदपत्रं घेऊन जा.”

हा सगळा धंदा असा चालतो. शंभर पालकांना ‘तुमचं होतंय’ म्हणायचं. त्यातल्या काही मुलांना त्यांच्या गुणांवर कॉलेज लागणारच असतं. त्यांच्याकडून पूर्ण रक्कम घ्यायची, उरलेल्यांना ‘पुढच्या राउंडला बघू’ म्हणत झुलवायचं. पोलीस ठाण्यात भेटलेल्या एका शेतकऱ्याला त्यानं हमी म्हणून चेक दिला होता आणि तीन महिने थांबवून ठेवलं होतं. चेकची मुदतच तीन महिन्यांची असते. मुदत उलटल्यावर तो चेक बँकेत भरताच येईना, मग न वटल्याचा खटला तरी कशावर भरणार?

रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात हजर होऊन प्रवेश पक्का करायला, मूळ कागदपत्रं लागतात आणि तारीख टळली की सीट जाते. भाचीची कागदपत्रं तर त्याच्याकडेच होती. दाजींनी सोयाबीनसाठी ठेवलेले आणि सोसायटीतून उचललेले पैसे त्याला दिले, तेही रोख. त्या माणसानं पोरीच्या मार्कशीटवर पैसे उकळले याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही. पैसे गेले त्याहून मला हे जास्त लागतं, की स्वतःच्या कष्टानं मिळवलेल्या प्रवेशावर तिला आठवडाभर संशय येत होता. “मामा, हे खरं माझंच आहे ना?” असं तिनं मला विचारलं.

म्हणून खरी व्यवस्था नीट समजून घ्या. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडिया जागा आणि सगळ्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा एमसीसी भरते. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या उरलेल्या ८५ टक्के आणि खासगी कॉलेजांच्या जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. खासगीतला इन्स्टिट्यूशनल कोटा, म्हणजे संस्थेच्या वाट्याच्या जागासुद्धा सीईटी सेलच्याच प्रक्रियेतून भरल्या जातात, कुणाच्या केबिनमधून नाही. एमसीसी आधी प्रोव्हिजनल निकाल लावते आणि हरकती घेऊन मग अंतिम निकाल जाहीर करते. खरी आगाऊ चाहूल काय ती तेवढीच, आणि ती साइटवर सगळ्यांना एकाच वेळी दिसते. एमसीसीचं डिपॉझिट साइटवर ऑनलाइनच भरतात: ऑल इंडियासाठी खुल्या गटाला १० हजार, अभिमतसाठी २ लाख. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले की फोन ठेवून द्या. डोनेशन घेणं तर राज्यात १९८७च्या कायद्यानं गुन्हाच आहे.

आधी अंदाज हवाच असेल तर मागच्या वर्षीच्या राउंडनिहाय याद्या काढा आणि त्यात गुण न बघता रँक आणि मेरिट नंबर बघा. गुणांचा भरवसा नसतो, २०२४नं ते दाखवलंच. लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी मुलाशिवाय कुणाकडे नको. मूळ कागदपत्रं फक्त लागलेल्या कॉलेजात, रिपोर्टिंगच्या दिवशी आणि पोचपावती घेऊनच द्यायची.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आमचे रोख गेले, त्यामुळे तो मार्ग नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८खाली तक्रार दिली आहे, पैसे परत आलेले नाहीत. भाची सध्या कॉलेजला जातेय.

ज्यांचा असा व्यवहार आत्ता चालू आहे त्यांनी आज रात्रीच चॅट एक्सपोर्ट करून मेलवर टाकावं आणि आलेली प्रत्येक पीडीएफ फोनमध्ये उतरवून घ्यावी. आमच्या चॅटमधलं पत्र त्यानं पैसे मिळताच दोन्हीकडून डिलीट केलं होतं. भाचीनं ते आधी मैत्रिणीला पाठवलेलं होतं, म्हणून तक्रारीला जोडता आलं.