मागची सीट काढू का? आधी माल कोणता ते सांगा

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन. त्याची बायको रुखवताचं सामान भाड्याने देते, आणि सामान नेण्या-आणण्यासाठी घरची हॅचबॅक. "दादा, मागची सीट काढूनच टाकू का? तू काढतोस ना?"

काढतो, पण वर्षातून एकदाच. माझे दोन मोसमी धंदे आहेत. एप्रिल-मेमध्ये हापूस, आणि श्रावणात पेणहून आणलेल्या शाडूच्या मूर्ती. गाडी तीच. आंब्याला मी सीट नुसती दुमडतो, मूर्तींना ती काढतो. ही आवडनिवड नाही, त्यामागे हिशेब आहे.

आंब्याचा हिशेब आधी. पाच डझनांची पेटी म्हणजे 60 फळं, फळ सरासरी 250 ग्रॅमचं धरलं तर 15 किलो, लाकडी खोक्यासकट 18. छोटी गाडी पाच माणसांसाठी बनवलेली असते. माणशी 70 किलो धरा. पुढे मी आणि एक पोरगा बसलो की उरली तीन माणसं, म्हणजे 210 किलो. अकरा पेट्यांत काम तमाम. एवढ्या पेट्या दुमडलेल्या सीटवर आरामात मावतात. मग सीट काढून मिळालं काय? सीटचं स्वतःचं वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे फार तर एक पेटी जास्त. जागा दिसते म्हणून पंधरा-सोळा भरल्या, की मागची स्प्रिंग बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि ब्रेक उशिरा लागतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कोथरूडपर्यंत एकवेळ खपून जाईल, पण घाटात नाही. गाडीला किती वजन चालतं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. भरल्या गाडीला टायरमध्ये किती हवा हवी, तो स्टिकर बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर सापडेल. दोन्ही वाचा.

मूर्तींची गोष्ट उलटी. फूटभर मूर्ती साधारण चार किलोची, पण पेंढा आणि खोका धरून जागा खाते पेटीएवढीच, आणि ती आडवी करून चालत नाही. दुमडलेली सीट बहुतेक गाड्यांत पूर्ण सपाट पडत नाही, पाठ पुढच्या बाजूला चढती राहते. खाली उशा, पोती, वर्तमानपत्रं कोंबून मी पहिल्या वर्षी 14 मूर्ती आणल्या. त्यातल्या एकीची सोंड खोपोलीच्या अलीकडेच गेली होती. दुसऱ्या वर्षी सीट काढली, वर 12 मिलिमीटरचं प्लाय टाकलं आणि मध्ये फळीचा मजला केला. 34 आल्या. वजन भरलं 136 किलो, म्हणजे गाडीला कळलंही नाही. सीट काढल्याने खरी मिळते ती उंची आणि सपाटी. वजन पेलायची ताकद आहे तेवढीच राहते.

आता काढण्याबद्दल. आमचा गॅरेजवाला म्हणाला होता, "काढायला पंधरा मिनिटं, बसवायला दोन तास." अगदी खरं. बैठक वर ओढली की सुटते, पाठीचे बोल्ट बिजागरीपाशी असतात. खाली निघालं ते असं: दोन रुपयांची चार नाणी, भडंगाचे शेंगदाणे, मुलीचा हरवलेला कंपास. बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी बरोबर या बैठकीखाली असते आणि पंपाचं झाकण तिथेच दिसतं. त्यावर स्क्रू ठोकायचा नाही की जड वस्तू टेकवायची नाही. प्लाय कापताना हे लक्षात ठेवा. नव्या गाड्यांत मागच्या बेल्टची वायर सीटला जोडलेली असू शकते, ती ओढून तोडू नका. बेल्टची बकलं मी जागेवरच ठेवतो, दोर बांधायला त्यांचे नट-बोल्ट कामी येतात.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. मागच्या सीटची पाठ म्हणजे डिकीतल्या मालाची भिंत. ती काढली की जोरात ब्रेक लागल्यावर माल थेट तुमच्या पाठीत. त्यामुळे पुढच्या सीटमागे प्लायचा आडोसा किंवा जाळी हवीच, जड नग सगळ्यात खाली आणि पुढे. सीट नसताना "पोरं बसतील की गादीवर" हे तर मुळीच नको, तिथे ना बेल्ट ना आधार.

काढलेली सीट ठेवायची कुठे हाही पुण्यातल्या टू-बीएचकेचा प्रश्न आहेच. पॅसेजमध्ये ठेवली तर सेक्रेटरींची चिठ्ठी, बाल्कनीत ठेवली तर श्रावणातली बुरशी. आमची पलंगाखाली असते, जुन्या चादरीत गुंडाळून. बोल्ट एका बरणीत, बरणीवर लेबल.

वरचं कॅरियर मी बाद केलं. मूर्ती पावसात कशा आणणार? आंबा वर ठेवला तर उन्हात शिजतो, आणि वजन छपराइतकं उंच गेलं की वळणावर गाडी झुकते. शिडी, चटया, बांबू असं काही असेल तर गोष्ट वेगळी.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, आणि आसनसंख्या त्या तपशिलात येते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सांगितलं. म्हणून कायमची काढण्याच्या फंदात मी पडत नाही. काम झालं की त्याच आठवड्यात सीट परत जागेवर. चार दिवसांपुरती काढली म्हणून कलम 52 लागूच होत नाही, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

त्याहून मोठी गोम विम्यात आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते: भाड्याने वाहतूक नाही, आणि नमुने व स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक नाही. विक्रीचा माल नेताना अपघात झाला तर कंपनी हेच कलम दाखवू शकते, सीट काढलेली असो की दुमडलेली. मी हा धोका पत्करत आलोय. त्यात शहाणपणा आहे असं नाही.

म्हणून रोज माल असेल तर सरळ मारुतीची ईको कार्गो व्हॅन बघा. कारखान्यातूनच मागे सीट नसलेली आणि सपाट तळाची मिळते, पिवळी पाटी, मालवाहू विमा. विम्याचा वरचा सगळा घोळ तिथे संपतो. अडचण एवढीच की रविवारी सासुरवाडीला चौघांनी जायचं कशात? महिन्यातून दोन-तीन फेऱ्याच असतील तर छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) सांगावा. साधारण पाऊण टन उचलतो, माझ्या तीन फेऱ्या एकात. मी मूर्तींना तो सांगत नाही, कारण रिकाम्या हौद्यात धक्के फार आणि ड्रायव्हरला सोंडेचं काही पडलेलं नसतं. पण आंबा यंदापासून त्यातूनच आणायचा विचार आहे.

मावसभावाचं काय? रुखवत म्हणजे फुगीर आणि हलका माल, माझ्या मूर्तींच्याच जातीचा. पण लग्नसराईत त्याच्या फेऱ्या आठवड्याला दोन, आणि धंदा भाड्याचा. दर वेळी सीट काढ-घाल करण्यात त्याचा जीव जाईल. यंदाचा मोसम सीट दुमडूनच भागव आणि मोठ्या ऑर्डरला टेम्पो सांग, असं मी त्याला म्हणालो. पुढच्या वर्षी ऑर्डरी टिकल्या तर जुनी ईको बघू.

तो अजून सीट काढायच्याच बाजूने आहे. त्याच्याकडचा सगळ्यात मोठा नग म्हणजे तीन फुटी सजवलेला पाळणा. सीट काढा की दुमडा, डिकीचं दार तेवढंच राहतं. आधी टेप घेऊन ते मोज म्हटलं, पाळणा त्यातून जातो का बघ. अजून त्याचा फोन आलेला नाही.